गाडी भरून आन

माझ्या दुकानात आजही आठवड्यातून एखादा पिकअपवाला येतो आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरतो. व्हिडिओत उलटी टोपी घातलेला कुणीतरी पिकअपचं बॉनेट उघडतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा दोन वायरींच्या मध्ये जोडतो, आणि मग गाडी अशी सुटते की बघणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा. "हा पॉवरचा डबा घ्यावा का हो? खरंच उपयोग होतो का?" असा प्रश्न येतो. मी सीटकव्हरं विकतो, हॉर्न विकतो, लाइट विकतो, डॅशबोर्डावर देव चिकटवायची पट्टीसुद्धा विकतो. तो डबा मात्र विकत नाही. एके काळी या रस्त्यावर तो डबा सगळ्यात मोठ्या तोंडानं मीच विकला, हे सांगायची लाज वाटते आणि न सांगता राहवतही नाही.

डब्याचं सांगायचं तर समोरच्या मिस्त्रींपासून सुरुवात करावी लागते. होटगी रोडला माझ्या दुकानाच्या बरोबर समोर त्यांचं वर्कशॉप होतं. डिझेल गाड्यांचे पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर ते दुरुस्त करायचे. दाराशी पिकअप थांबली, मालकानं तक्रार सांगायला तोंड उघडलं, की हे आधी मागच्या हौद्यात डोकावणार. हौदा रिकामा दिसला की संपलं. "गाडी भरून आन," म्हणायचे आणि आत वळायचे. माणूस मोहोळहून आलेला असो की अक्कलकोटहून, त्यांना फरक पडत नसे. "रिकामी गाडी सगळ्यास्नी गोड बोलती," असं त्यांचं म्हणणं. "रोज जेवडं वजन घालतोस तेवडं घालून आन. मग तिला काय दुकतंय ते मी इचारतो."

भरून आणली की मिस्त्री गाडीत चढायचे आणि जो रस्ता ती गाडी रोज चालते त्याच रस्त्यावर तिला न्यायला लावायचे. विटांची असेल तर भट्टीपर्यंत, चाऱ्याला नेतात त्या उसाच्या वाढ्यांची असेल तर शेताच्या चिखलापर्यंत. अर्धा दिवस गेला तरी चालेल. परत येईपर्यंत ते फारसं बोलायचे नाहीत. उतरल्यावर एका वाक्यात निकाल द्यायचे, आणि तो एकदाच. पुन्हा विचारलं तर म्हणायचे, "मी एकदाच सांगतो. दोनदा सांगायला मी काय मास्तर हाय व्हय?" लोक यावर फार खूश असत. मिस्त्रींचा शब्द म्हणजे शब्द, एकदा निघाला की निघाला, असं चहाच्या गाड्यावर कौतुकानं बोललं जाई. मीही त्यात मान डोलवत असे. ही सवय आम्हाला एक दिवस कुठे नेऊन उभी करणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना?

आणि त्यांचा तो शर्ट. सगळ्या रस्त्यावर ग्रीस, ऑइल, काजळी, आणि त्याच्यामध्ये हा साठीचा माणूस पूर्ण बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट घालून उभा. सोलापूरच्या उन्हाळ्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, यांना कुणीतरी लग्नाचं निमंत्रण दिलंय. एकदा विचारलं तर म्हणाले, "इंजेक्टरच्या भोकात केसबी मावत न्हाय. माज्या अंगावर कचरा असंल तर मला दिसाय नको? काळ्या शर्टावर काय दिसनार, माजं कपाळ?" इंजेक्टर उघडायच्या आधी ते डिझेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग कोपरापर्यंत नुसत्या पाण्यानं, आणि ओले हात वर धरून वाळू द्यायचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे. टेस्टिंगच्या बाकावर थेंब मोजताना कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. त्या वेळी कुणी मध्ये बोललं तर इंजेक्टर बाजूला ठेवून, त्या माणसाकडे बघत, पुन्हा ओंदुपासून.

त्यांचा अजून एक नियम होता आणि त्याचा त्रास मला सगळ्यात जास्त झाला. गाडीला कुठलीही नवी वस्तू बसवली, की पहिला भरलेला फेरा विकणाऱ्यानं चालवायचा. गाडीचा मालक शेजारी बसणार, मिस्त्री मध्ये बसणार, आणि चाक विकणाऱ्याच्या हातात. "जो इकतो त्यो चालवतो," एवढंच. टायरवाल्यांनी, बॅटरीवाल्यांनी, कमानपाटे वाढवून देणाऱ्यांनी, सगळ्यांनी त्यांच्या या नियमाला मनातल्या मनात शिव्या घालत फेरे मारलेले होते. कारण आमच्या भागातला पिकअपवाला मिस्त्रींनी मान हलवल्याशिवाय खिशातून हात बाहेर काढत नसे.

मग पुण्याचा एक सेल्समन पॉवरचे डबे घेऊन माझ्याकडे आला. मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ताकद वाढते, ॲव्हरेज वाढतं, घाटात गिअर कमी टाकावा लागतो, बसवायला पाच मिनिटं, काढायलाही पाच मिनिटं. मी आनंदानं रस्ता ओलांडून मिस्त्रींकडे डबा दाखवायला गेलो. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला.

"ताकदबी वाढती आन ॲव्हरेजबी वाढतंय?"

"दोन्ही."

"मग गाडी बनवनारे काय येडे हुते? का त्यांची तुज्यावर दुश्मनी हुती म्हनून तुला कमी ताकदीची दिली?"

मी त्यांना डबा कसा चालतो ते सांगायला लागलो. गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, डिझेल किती सोडायचं ते तो ठरवतो. पाइपात दाब किती आहे हे त्याला एक सेन्सर कळवतो. हा डबा दोघांच्या मध्ये बसतो आणि दाब आहे त्याहून कमी असल्याचं कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटर दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, गाडी पळते.

"म्हंजे जेवून उटलेल्या मानसाला तू उपाशी हायस म्हनून परत ताटावर बसवायचं," मिस्त्री म्हणाले. "एक दिवस बसंल. रोज बसवलास तर?"

मला राग आला. मी तिशीतला, दुकान नवं, आणि हा माणूस माझ्या मालावर बसून मिश्या पिळणार. पण ते अगदीच आडमुठे होते असंही नाही. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक कंत्राटदाराचा मुलगा आला, त्याच्या पिकअपमध्ये फार तर दोन खुर्च्या आणि एक स्पीकर असायचा. त्याच्याबरोबर मी चाक धरून फेरा मारला. मिस्त्री उतरून म्हणाले, "हौस म्हनून घेतोस तर घे. गरज म्हनून घेऊ नको. आन वॉरंटीचं पुस्तक घरी फाडून मग बसव, म्हंजे नंतर रडाय येनार न्हाय." त्यानं घेतला. त्याची गाडी अजून नीट चालते, खोटं कशाला बोलू.

मला मात्र हौशी गिऱ्हाइकं नको होती, मला घाट चढणारी, माल ओढणारी गिऱ्हाइकं हवी होती. अशी एक अक्का आमच्या रस्त्यावर यायची.

अक्का चाळिशीच्या. साडीवर नवऱ्याचा चौकटीचा शर्ट आणि डोक्याला रुमाल बांधून पिकअप चालवायच्या. नवऱ्याच्या पाठीचा मणका सरकला तेव्हापासून दोन वर्षं गाडी त्याच हाकत होत्या. सकाळी मार्केट यार्डातून किराणा भरायचा, गुळाच्या ढेपा, रव्याची पोती, तेलाचे डबे, आणि तुळजापूरच्या दुकानांत पोचवायचा. घरात दुसरी कमाई नव्हती. ती पिकअप होती म्हणून चूल पेटत होती. त्रास एकच होता, तुळजापूरचा घाट. गाडी घाटात दम टाकायची. अक्का दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढायच्या, मागून हॉर्न वाजायचे, बाकीचे पिकअपवाले ओव्हरटेक करून जाताना काचेतून वळून बघायचे. मंगळवारी, शुक्रवारी भाविकांची गर्दी व्हायच्या आत दुकानदाराला माल हवा असतो. दोन दुकानदारांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, अक्का, असाच उशीर होत राहिला तर आम्ही दुसरा बघू.

अक्कांनी माझ्या काउंटरवर हात ठेवला. "भाऊ, त्यो डबा बसवला तर घाटात फरक पडंल का? खरं सांगा. माजं सगळं ह्या गाडीवर हाय."

मी म्हणालो, "पडेल."

त्या मिस्त्रींकडेही गेल्या. मिस्त्रींनी हौद्यात डोकावून पाहिलं, पोती दिसली, तेव्हा बोलले. "गाडी घाटात दमती म्हंजे तिचं जे हाय त्ये तिला मिळत नसंल. आदी त्ये बगू. आज-उद्या हातात काम हाय, गुरवारी भरून आना. बिनडब्याची चढवू, मी मदी बसतो. डब्याचं मागनं."

मंगळवार होता. दोनच दिवस थांबायचं होतं. पण मला वाटलं, गुरुवारी ते काहीतरी खोड काढणार आणि अक्का हातातून जाणार. बुधवारी दुपारी मी त्यांना बोलावून घेतलं आणि डबा बसवून टाकला. रिकामी गाडी घेऊन आम्ही होटगीच्या दिशेनं गेलो. गाडी अशी उडाली की अक्का आनंदानं तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलंच नव्हतं. "भाऊ, ही माजीच गाडी हाय ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मला तेव्हा स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं, हे कबूल करतो.

गुरुवारी सकाळी भरलेली पिकअप मिस्त्रींच्या दाराशी उभी राहिली. त्यांनी बॉनेट उघडलं, डबा बघितला, आणि माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाले, "त्यो काड. आदी बिनडब्याची चढवू."

मी म्हणालो, "मिस्त्री, अक्कांचा दिवसाला एकच फेरा असतो. दोन-दोनदा घाट चढत बसायला त्यांना वेळ कुठंय? बसवलाय तर आता बघूनच घेऊ या की."

माझी अपेक्षा होती की ते चिडतील, वाद घालतील. त्यांनी खांदे उडवले. "इर्ली बिडु," म्हणाले. कानडीत, राहू दे म्हणून. आत जाऊन त्यांनी उष्णता दाखवणारा एक घड्याळासारखा काटा आणला. त्याची एक तार त्यांनी इंजिनातून जळका धूर जिथे बाहेर पडतो त्या तोंडाशी बसवली आणि काटा डॅशबोर्डावर चिकटपट्टीनं लावला. काचेवर नखांना लावतात त्या लाल रंगाची एक रेघ होती. "काटा हितनं पुडं गेला की पाय काडायचा," असं मला सांगितलं. मी मान हलवली. मग चाक माझ्या हातात, मिस्त्री मध्ये, अक्का खिडकीशी, अशी आम्ही निघालो.

तामलवाडीपर्यंत सगळं मजेत. मी मुद्दाम गप्पा मारत होतो. मिस्त्री काट्याकडे बघत मांडीवर हात ठेवून बसले होते, शर्टाची घडी मोडू नये म्हणून थोडे पुढे सरकून. दहा वाजले नव्हते तरी ऊन चटका द्यायला लागलं होतं. घाट सुरू झाला तेव्हा पुढे एक एसटी होती. अक्का एकदम ताठ झाल्या. रोज याच चढावर एसटी त्यांच्या मागे यायची आणि कंडक्टर दारातून हात बाहेर काढून, बाजूला व्हा, बाजूला व्हा, करायचा, हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं.

मी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवली. गाडी ओढत होती. खरंच ओढत होती. पोती भरलेली, चढ वाढलेला, आणि गाडी एसटीच्या अंगावर जात होती. मी मिस्त्रींकडे तिरका डोळा टाकला. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. काटा लाल रेघेच्या जरा अलीकडे होता. मी इंडिकेटर दिला आणि बाहेर काढली.

एसटीच्या मागच्या चाकाशी आम्ही आलो तेव्हा काटा रेघेवर आला. मधल्या खिडकीपाशी आलो तेव्हा रेघेच्या पुढे गेला.

"पाय काड," मिस्त्री म्हणाले.

मला ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. मी आजवर कधीकधी स्वतःशी असं म्हणून बघितलंय की इंजिनाचा आवाज होता, हॉर्न होता, ऐकू आलं नसेल. तसं काही नव्हतं. मी मनात म्हटलं, एवढी एसटी मागे टाकू दे. पाच-दहा सेकंदांचा प्रश्न. या माणसाच्या शेजारी बसून, याच्या डोळ्यांदेखत, भरलेली गाडी माझ्या डब्याच्या जोरावर एसटीला मागे टाकते आहे, हे त्याला दिसू दे. मी पाय तसाच दाबून धरला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिलो. ते पुन्हा ओरडले असते तर मी काढला असता. असं मला वाटतं.

ते पुन्हा बोलले नाहीत.

एसटी मागे पडली. मी डावीकडे आलो. पुढचं वळण दिसत होतं. आणि इंजिनातून लोखंडावर हातोडा बसावा तसा आवाज आला, एक, दोन, मग सलग. पाठीमागून निळसर पांढरा धूर. गाडीची ओढ एकदम गेली. मी क्लच दाबला, आणि इंजिन बंदच पडलं.

भरलेली पिकअप चढावर मागे यायला लागली की काय होतं हे ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल. ब्रेक दाबला तर इंजिन बंद असल्यामुळे तो दगडासारखा कडक. मी हँडब्रेक ओढला, तो दातांवरून घसरल्यासारखा करत धरला आणि सुटला. मागे एसटी, तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मिस्त्री मध्ये अडकलेले, एका बाजूला गिअर, एका बाजूला अक्का. त्या क्षणी अक्कांनी दार उघडलं, चालत्या गाडीतून उतरल्या, सीटखालचा लाकडी गुटका ओढून घेतला आणि मागच्या चाकाखाली सारला. चाक त्यावर चढलं, गाडी हलली, थांबली. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला. मग अक्कांनी रस्त्याकडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या चाकाला लावला. सगळं झाल्यावर त्या दगडाशेजारीच बसल्या. त्यांच्या हाताला खरचटलं होतं, पण हाताकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या गाडीच्या बॉनेटकडे बघत होत्या. बॉनेटखालून अजून धूर येत होता.

मिस्त्री उतरले. त्यांनी रेडिएटरला हात लावून बघितला, ऑइलची कांडी काढून वास घेतला, परत घातली. "पिस्टन गेला," एवढंच म्हणाले.  अक्कांनी फोन करून दुसरा टेम्पो बोलावला, आम्ही तिघांनी पोती उतरवून त्यात भरली, आणि अक्का माल पोचवायला टेम्पोतून पुढे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "दुकानदार वाट बगत असत्याल." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला तो शिव्यांपेक्षा जास्त लागला.

ओढून न्यायला गाडी येईपर्यंत मी आणि मिस्त्री घाटात उन्हात बसून होतो. मिस्त्रींच्या शर्टाला रव्याच्या पोत्याची धूळ आणि ऑइल लागलेलं. पण ते शर्ट झटकत नव्हते.  

इंजिन उघडायचं काम त्यांचं नव्हतं, ते फक्त पंप आणि इंजेक्टर करायचे. पण या वेळी त्यांनी शेजारच्या इंजिनवाल्याला बाजूला बसवून स्वतः उघडलं, आणि मला हाताखाली घेतलं. सकाळी आठला मी दुकान भावावर सोडून समोर जायचो. दुपारनंतर मेहुण्याचा टेम्पो घेऊन अक्कांचा माल तुळजापूरला, कारण गाडी बंद म्हणून दुकानं तुटू नयेत. दुकानदारांना उशिराचं कारण मी स्वतः सांगायचो. अक्का शेजारी बसायच्या, रस्ता दाखवायच्या, एवढंच. खर्चाचं मिस्त्रींनी आणि मी आपसात बघितलं. तरी एक दुकान त्या दिवसांत अक्कांच्या हातून गेलंच.

तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्या माथ्याची एक बाजू मेण वितळल्यासारखी गळून गेली होती. मिस्त्रींनी तो पांढऱ्या कापडावर ठेवला. मग ते टर्बोची हवा इंजिनात नेणारा रबरी पाइप चाचपायला लागले. खालच्या बाजूला, पाइप आवळणाऱ्या पट्टीच्या आतल्या अंगाला, बोटाएवढी चीर होती. हातानं नुसती धरली तर बंद दिसायची. आत हवेचा दाब दिला की उघडायची. म्हणजे भरलेल्या गाडीनं चढावर जोर मागितला की अर्धी हवा तिथूनच बाहेर. अक्कांची गाडी दोन वर्षं घाटात दमत होती ती या चिरेमुळे. आणि आधीच हवा कमी पडणाऱ्या त्या इंजिनात मी डबा लावून डिझेल वाढवलं होतं. हवा थोडी, डिझेल जास्त, आत भट्टी. एक नवा पाइप टाकला असता तर त्या घाटात डब्याची गरजच नव्हती. रिकाम्या गाडीत ही चीर बंदच राहते. बुधवारी मी होटगीच्या रस्त्यावर गाडी उडवली तेव्हा ती बंदच होती.

मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही सांगितलं होतं."

त्यांनी पाइप खाली ठेवला. हात धुतलेले नव्हते, तसेच त्यांनी ते तोंडावरून फिरवले. "दोनदा सांगाय पायजे हुतं," ते म्हणाले. "सकाळी एकदा सांगितलं, डबा काड. तू न्हाय काडलास. मी गप बसलो. घाटात एकदा सांगितलं, पाय काड. तू न्हाय काडलास. मला कळत हुतं काटा कुटं चाललाय ते. मी तुज्या पायाकडं बगत हुतो. आन मनात म्हनलो, दाब. दाब, म्हंजे समजंल मी कोन हाय त्ये." कापडावरच्या पिस्टनकडे बघत म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीत बसून."

मला तोपर्यंत वाटत होतं की घाटातली चूक सगळी माझी. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माणूस म्हातारा दिसला. मी त्यांच्याशी भांडलो, नाही, पाय माझा होता, तुमचा काय संबंध. ते ऐकेनात. तीन आठवडे आम्ही इंजिन बांधता बांधता या एका गोष्टीवर भांडत होतो, चूक तुझी नाही माझी, तुमची नाही माझी, शेजारचे इंजिनवाले हसत होते आणि टेम्पोसाठी आलेल्या अक्का ऐकत होत्या.

गाडी तयार झाली. बिनडब्याची, नव्या पाइपाची. अक्का घ्यायला आल्या. मिस्त्रींनी त्या दिवशी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि सकाळपासून काय बोलायचं ते ठरवत होते, हे मला समोरून दिसत होतं. मीही रस्ता ओलांडून गेलो.

"अक्का," मिस्त्रींनी सुरुवात केली, "तुमचं नुकसान माज्यामुळं झालं. मला दिसत हुतं, मी बोललो न्हाय. चूक माजी हाय."

"नाही अक्का," मी म्हणालो. "त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी."

"तू गप. अक्का, वयानं मोटा मी, मी..."

"थांबा की दोगंबी!"

अक्कांचा आवाज एवढा चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. शेजारच्या वर्कशॉपमधला हातोडा थांबला.

"काटा मला दिसत न्हवता व्हय? मी काय डोळं झाकून बसले हुते? लाल रेघ मलाबी दिसली, मिस्त्रीमामांनी पाय काड म्हनल्यालं मलाबी ऐकू आलं. माजी गाडी. मी म्हनले असते भाऊ थांबा, तर तुमी थांबला असता का न्हाय?"

मी म्हणालो, "थांबलो असतो."

"मग? मी का न्हाय म्हनले?" त्यांचा श्वास जोरात चालला होता. "दोन वर्सं त्या घाटात लोकं माज्या मागं हॉर्न वाजवत्यात. बाई चालवती म्हनून काचेतनं बगून हसत्यात. त्या दिवशी ती एसटी मागं पडाय लागली तवा मी त्या कंडक्टरकडं बगितलं. त्यो दारात हुबा हुता. मी मनात म्हनले, भाऊ, दाबा. आजून दाबा. लई बरं वाटलं मला. आन तीन आटवडं झालं, तुमी दोगं माज्या म्होरं चुकीवनं भांडताय, तुजी का माजी म्हनून. घरात नवराबी तेच म्हनतोय, त्या दोगांनी फसवलं तुला. मला कुनी इचारलंच न्हाय. मी बाई म्हनून मला नुसती दया करायची व्हय? गाडी माजी हाय तर चूकबी माजी हाय. माजी मला द्या."

मी मिस्त्रींकडे बघितलं. मला वाटलं ते आता काहीतरी समजुतीचं बोलतील, नाही नाही, तुमचं काय चुकलं, असं काही. माझ्याही तोंडात तेच आलं होतं.

मिस्त्री अक्कांकडे बघत होते. दुसऱ्या कुणाकडे इतका वेळ बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "तुमचीबी हाय."

अक्कांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी हात पुढे करून चावी घेतली.